ठमाबाईनं बसवलेलं इंजिन

निरवांगीच्या खालच्या अंगाला, नीरेच्या काठाला लागून, म्हस्कू आणि ठमाबाई या नवराबायकोची जमीन होती. जमीन म्हणजे वांग्या-मिरचीच्या दोन पट्ट्या. माती लोण्यासारखी, पण नदी दरडीखाली खोल. मोट ओढायला बैल नव्हते. त्यामुळं पाण्यासाठी सर्जेरावाच्या तोंडाकडं बघावं लागे.

सर्जेरावानं गावात पहिलं तेलाचं इंजिन आणलं होतं. ते नदीकाठी छपरात बसवून तो स्वतःचं रान भिजवायचा आणि उरलेलं पाणी खालच्या माळवेकऱ्यांना, म्हणजे भाजीपाला करणाऱ्यांना, विकायचा. म्हस्कू त्या इंजिनावर कामाला होता. तेल घालणं, हँडल मारणं, पट्टा चढवणं हे त्याचं काम, आणि त्याच्या मोबदल्यात त्याच्या पट्ट्यांना पाणी. माणूस गरीब गाईसारखा. दारू सोडाच, तंबाखूसुद्धा कधी मळली नव्हती त्यानं.

त्रेपन्न सालच्या उन्हाळ्यात सणसरच्या बाजूला साखर कारखान्याची बोलणी ऐकू येऊ लागली आणि सर्जेरावाला उसाचं वेड लागलं. त्यानं वरच्या माळावर ऊस लावला. आता पाणी तिथवर चढेना. इंजिन होतं सावकाश चालणारं, पंप भरभर फिरणारा. दोघांच्या पुल्यांवरून एक लांब कापडी पट्टा फिरायचा. इंजिनाची पुली मोठी केली की पंप आणखी जोरात फिरतो, एवढं सर्जेरावाला कुणीतरी सांगितलं होतं. त्यानं इंदापुरातून चांगली थोरली पुली करून आणली आणि बसवली.

पाणी चढलं. पण पंप किंचाळायला लागला, इंजिनाच्या नळकांड्यातून काळा धूर निघू लागला, आणि ओझं न पेलल्यामुळं पट्टा पुलीवरून घसरू लागला. घसरता पट्टा चिकटावा म्हणून त्यावर राळेची पूड टाकतात. ती टाकायची इंजिन थांबवून.

त्या दिवशी ठमाबाई भाकरी घेऊन छपराच्या तोंडाशी आली होती. तिनं आपल्या कानांनी ऐकलं.

"टाक की राळ! बघत काय उभा ऱ्हायलास?"

"बंद करतो आन् टाकतो, सर्जेराव."

"बंद केलंस तर पुन्यांदा पाणी वर चढायला दुपार जाईल. चालत्यावर टाक!"

म्हस्कूनं मूठ पुढं केली. पैरणीची बाही पट्ट्यानं धरली. पुढं काय झालं ते ठमाबाईला कधी नीट सांगता आलं नाही. तिला आठवे ती फक्त भाकरी, धुळीत पडलेली, आणि इंजिन बंद करायला एकालाही न सुचलेलं.

म्हस्कूचा उजवा हात कोपराच्या वरून गेला.

इंदापूरहून फौजदार आला. सर्जेराव खाटेवर बसून शांतपणे म्हणाला, "सकाळधरनं पिऊन आलावता. मी वरडत व्हतो, लांब सर म्हून. ऐकंल तर शप्पत." छपराभोवती तेव्हा चार माणसं होती. चौघांनी मान हलवली. ज्यांच्या वाफ्यात सर्जेरावाचं पाणी होतं, त्यांच्या तोंडातून दुसरं काय निघणार? ठमाबाई बोलली, तर फौजदार म्हणाला, "बायको नवऱ्याच्याच बाजूनं बोलणार." झालं. हात गेला तो गेला, वर म्हस्कू गावात दारुडा ठरला.

ठमाबाई नवऱ्याला घेऊन बारामतीच्या दवाखान्यात राहिली. इकडं सर्जेरावानं तिच्या पट्ट्यांचं पाणी तोडलं. कामाचा माणूस गेला, आता पाणी कशाचं? मधेच एक दिवस ती रान बघायला आली तेव्हा वांगी उभीच्या उभी वाळून कोळ झाली होती. ती बांधावर बसली. रडली नाही. एक वाळकं वांगं तोडून हातात घेतलं, दाबून चुरा केला, आणि मनाशी म्हणाली, माझ्या रानाचं जे केलंस तेच तुझ्या उसाचं करीन. कसं ते तिला तेव्हा ठाऊक नव्हतं. पण त्या दिवसापासून तिच्या पोटात एक निखारा राहिला, आणि ती रोज त्याच्यावर फुंकर घालत राहिली.

तिचा थोरला भाऊ दत्तोबा बारामतीत एका इंजिन-दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होता. दवाखान्यातून सुटल्यावर म्हस्कूची जखम भरेपर्यंत दोघं त्याच्याच खोलीत राहिली. ठमाबाई दुपारी भावाचा डबा घेऊन जायची आणि तिथंच एका तेलाच्या डब्यावर बसून राहायची. एके दिवशी तिनं विचारलं, "दादा, पट्टा का घसरतो?"

दत्तोबाला आधी वाटलं, बहीण दुःखानं विचारतेय. तो म्हणाला, "जाऊ दे ठमे, झालं ते झालं."

"न्हाय, मला सांग. समद्या इंजिनांचा घसरतो का त्याच्याच इंजिनाचा घसरला?"

मग दत्तोबानं हातातला पाना खाली ठेवला आणि भुईवर खडूनं दोन चाकं काढली. "हे बघ. हे इंजिन. ह्येच्यात ताकद ठरलेली हाय, तू कितीबी पळव, ती त्येच्या वर जात न्हाय. हा पंप. ह्यो ठराविक वेगानं फिरला तर नीट पाणी देतो. आता मोठी पुली लावून त्येला पळवला, तर पाणी वाढतं थोडं, आन् इंजिनावरचं वझं वाढतं कितीतरी जास्ती. मग इंजिन धापा टाकतं, पट्टा घसरतो. लोकं राळ टाकत बसत्यात. राळ हे औषध न्हवं. पुली उतरवणं हे औषध."

ठमाबाईनं खडूच्या मोठ्या चाकावर बोट ठेवलं. "म्हंजी हात पट्ट्यानं न्हाय खाल्ला."

"न्हाय."

"पुलीनं खाल्ला. आन् पुली त्यानं लावली."

दत्तोबानं पाना पुन्हा हातात घेतला.

त्यानंतर तिचं विचारणं थांबलं नाही. पाणी किती खोल, नळी किती जाड, वळणं किती, किती उंच न्यायचंय, हे सगळं धरून मग पंप निवडायचा. तो पंप पेलेल असं इंजिन बघायचं. दोघांचे वेग जुळतील अशा पुल्या घ्यायच्या. पाण्यात सोडलेल्या नळीच्या तोंडाला एक झडप असते, सगळे तिला फुटबॉल म्हणत. ती गळकी असली तर पंप पाणीच धरत नाही. कारखान्यातले लोक आधी हसले. मग सवयीनं हसायचे थांबले. दत्तोबा तिला इंजिनाशेजारी उभी करून डोळे मिटायला लावी आणि विचारी, "ओझं जास्ती झालं का कमी?" आवाजावरून तिला कळू लागलं. कळायला लागल्यावर ती गावी परतली.

गावात तिनं सर्जेरावाविरुद्ध चकार शब्द काढला नाही. उलट समोर आला तर पदर सावरून वाट सोडायची. तोही निर्धास्त झाला. पण खालच्या काठच्या माळवेकऱ्यांपैकी ती एकेकाच्या बांधावर जाऊन बसू लागली. महिपती, सावळाराम, फुलाबाई, ज्यांची ज्यांची मिरची सर्जेरावाच्या मर्जीवर जगत होती ते सगळे. "आपलं सगळ्यांचं मिळून एक इंजिन घिऊ," ती म्हणायची. "पाळीपाळीनं पाणी. कुणाच्या दाराशी उभं ऱ्हायाचं न्हाय."

महिपती म्हणाला, "आगं, चालवील कोण? म्हस्कूला आता—"

"मी चालवीन."

लोक तयार व्हायला दोन उन्हाळे गेले. त्यातल्या दुसऱ्या उन्हाळ्यात सर्जेरावानं ऐन फुलोऱ्यात फुलाबाईच्या मिरचीचं पाणी आपल्या उसाला वळवलं आणि फुलाबाईनं गावभर तोंड सोडलं. तेव्हा सगळे जमले. ज्याची जशी ऐपत तसं त्यानं घातलं.

बारामतीत दत्तोबानं एक लहान, वापरलेलं पण धडधाकट इंजिन बघून ठेवलं होतं. महिपतीला ते पाहून धसका बसला. "सर्जेरावाचं किती थोरलं हाय! ह्ये तर पोरगं हाय त्येच्यापुढं."

"आपल्याला माळावर जायचं न्हाय," ठमाबाई म्हणाली. "आपली रानं काठाला हायती. थोडं चढवायचं, तेवढ्याला हे पुरं हाय."

पंप मात्र तिनं तीनदा बदलून घेतला. पहिला इंजिनाला जड होता. दुसरा इतका हलका, की इंजिन रिकामंच फिरल्यासारखं वाटे. तिसरा बसवला, दत्तोबानं मोजून पुल्या लावल्या, आणि ती डोळे मिटून उभी राहिली. इंजिनाचा ठोका एकसारखा पडत होता, पोट भरलेला बैल रवंथ करतो तसा. "ह्यो," ती म्हणाली.

गावात आणल्यावर तिनं दरडीच्या मधोमध एक पायरी खोदायला लावली आणि इंजिन-पंप तिच्यावर, पाण्याच्या जवळ बसवला. पाणी वर ढकलायला पंपाला जेवढा जोर असतो तेवढा खालून ओढून घ्यायला नसतो, म्हणून. पूर आला तर वर ओढून घेता यावं यासाठी सगळं दोन दणकट लाकडी ओंडक्यांवर जखडलं होतं. पहिल्या दिवशी फुटबॉल गळला आणि पंपानं नुसती हवा ओकली. काठावर उभा राहून सर्जेराव खदाखदा हसला. ठमाबाईनं नळी वर काढली, झडपेत अडकलेली काटकी ओढून फेकली, पंपात पुन्हा पाणी भरलं आणि म्हस्कूकडं बघितलं. त्या इंजिनाला सुरू करायला दोन हात लागत. एकानं दाब सोडायची कळ धरायची, दुसऱ्यानं हँडल फिरवायचं. म्हस्कूनं डाव्या हातानं कळ धरली, तिनं हँडल मारलं. पाणी फुलाबाईच्या पाटात पडलं तेव्हा सर्जेरावाचं हसू कुठं विरलं ते कुणी पाहिलं नाही.

वर्ष सरेपर्यंत खालच्या काठाचं एकही घर सर्जेरावाचं पाणी घेत नव्हतं. छपन्न-सत्तावन्नला तर शेजारच्या गावातून लोक ठमाबाईला विचारायला येऊ लागले, आमच्या विहिरीला कुठला पंप बसेल? लोक तिला इंजिनवाली म्हणू लागले.

एवढ्यावर भागलं असतं तर ती दुसऱ्या कुणाची गोष्ट झाली असती. ठमाबाईचं पोट भरलं नव्हतं. सर्जेरावाचा ऊस माळावर अजून हिरवाच होता. पाणी विकणं बुडाल्यावर त्यानं थोरली पुली उतरवून मधल्या मापाची बसवली होती, आणि जरा कमी का होईना, उसापुरतं पाणी वर जात होतं.

मग तिनं ठरवलं. इंदापूरच्या बाजारात, वांग्यांच्या ढिगामागं बसून, गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "सर्जेरावाच्या इंजिनात आता दम न्हाय. म्हातारं झालं ते मालकासारखं. माळावर पाणी चढत न्हाय म्हून निम्मा ऊस सोडून दिलाय म्हनं." शेजारची बाई हसली. पुढच्या आठवड्यात तेच वाक्य तिखटमीठ लावून गावात पोचलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात तिनं आणखी एक सोडून दिलं. सर्जेरावाचा स्वभाव तिला तळहातावरच्या रेषांसारखा ठाऊक होता. माणूस नुकसान सोसेल, हसू सोसणार नाही.

म्हस्कूच्या जागी तिथं आप्पा नावाचा गडी होता. त्याला तिनं नदीवर एकट्याला गाठलं. "आप्पा, मालक पुन्यांदा थोरली पुली बसवील. त्यानं राळ टाक म्हटलं तर नोकरी सोड. पर हात घालू नको. पट्ट्याच्या रेषेत तर उभाच ऱ्हाऊ नको."

"तुला काय ठावं, बसवील म्हून?"

"ठावं हाय," ती म्हणाली.

चैत्रात सर्जेरावानं थोरली पुली बसवली. इंजिन धापा टाकत, काळा धूर ओकत चाललं. आप्पाला राळ टाकायला सांगितलं तेव्हा त्यानं हात जोडले आणि तो छपराबाहेर निघून गेला. सर्जेरावानं स्वतः पट्टा जास्तच ताणून बसवला. चौथ्या दिवशी दुपारी मोठा आवाज झाला. त्या ताणानं इंजिनाचा क्रँक, चाक फिरवणारा दांडा, तुटला होता. तो मुंबईहून मागवावा लागणार होता आणि येईपर्यंत आषाढ उजाडला असता.

माळावरचा ऊस पिवळा पडू लागला. ठमाबाई रोज सकाळी दरडीवर चढून त्याच्याकडं बघायची. तिला सुख वाटायचं. उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं तसं ते सुख घशाखाली उतरायचं. ते तिनं कुणापासून लपवलंही नाही.

सर्जेरावानं आधी माणूस पाठवला, मग बायकोला, सिंधुबाईला पाठवलं. निरोप एकच: तुमच्या इंजिनाची धार बारीक पडली, तरी मधल्या चारीच्या पाटातून माळाच्या निम्म्यापर्यंत पाणी पोचतं, तेवढं द्या. गटातले सगळे ठमाबाईकडं बघू लागले. ती सिंधुबाईला म्हणाली, "बाई, तुमचा काय दोष न्हाय. पर मालकांनी सोता यावं. मारुतीच्या देवळाम्होरं, समद्यांच्या देखत. माज्या मालकाचा हात कुणामुळं गेला ते सांगावं. मग बघू."

सर्जेराव आला. तीन दिवस अडून बसला, पण उसाच्या पानांनी त्याला आणला. सकाळची वेळ, पारावर गाव जमलेलं. त्या दिवशी छपराभोवती उभ्या असलेल्या चौघांपैकी तिघं तिथं होते. म्हस्कू एका बाजूला, रिकामी बाही खोचून, खाली मान घालून बसला होता.

"थोरली पुली मी लावली," सर्जेराव म्हणाला. आवाज फुटत नव्हता. "चालत्यावर राळ टाक म्हून मी सांगितलं. म्हस्कू प्यालेला नव्हता."

ठमाबाईनं त्या तिघांकडं एकेक करून पाहिलं. तिघांनीही नजर पायांवर ठेवली.

"मोट्यानं," ती म्हणाली. "मागल्या मान्सांना ऐकू गेलं न्हाय."

सर्जेरावानं पुन्हा, मोठ्यानं सांगितलं. मग घाम पुसत विचारलं, "आता पाणी सोडशील न्हवं?"

"मी म्हनले व्हते, मग बघू," ठमाबाई म्हणाली. "बघितलं. जावा घरी."

आणि ती उठून चालू लागली. मागं एकदम गलका झाला. महिपती तिच्यामागं धावला, "ठमाबाई, आसं करू नये," म्हणत. ती थांबली नाही. घरी आली, चूल पेटवली, भाकरी थापली. तिला वाटलं होतं, आज म्हस्कू पोटभर जेवेल. म्हस्कू जेवायला आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना ती पंपावर गेली तर म्हस्कू तिथं आधीच होता. डाव्या हातानं हँडल फिरवत होता. चाक थोडं फिरे, दाबानं अडे आणि माघारी येई. कळ धरायला दुसरा हात नव्हता. दातांत दोरी धरून त्यानं ती कळेला बांधली होती, तीही निसटत होती. घामानं तो निथळत होता.

"काय करताय?"

"माळाची चारी उघडून आलोय," तो म्हणाला. "कळ धर."

"त्यानं तुमचा हात खाल्ला!"

म्हस्कूनं हँडल सोडलं आणि सरळ उभा राहिला. इतक्या वर्षांत तिनं त्याला इतका चिडलेला पाहिला नव्हता. "हात माजा व्हता, ठमे. माजा! तू बाजारात बसून त्येला पेटवलास, मला ठावं हाय. काय बोललो न्हाय. काल देवळाम्होरं त्यानं सांगितलं, मला बरं वाटलं. लई बरं वाटलं. तिथंच सरलं व्हतं माजं. पुढचं तुजं तू केलंस, आन् मला इच्यारलं न्हाईस."

सूड ठमाबाईनं इतके दिवस इतका जपला होता, की तो कुणाच्या नावानं सुरू झाला हेच ती विसरली होती. पण राग गेला असंही नाही. तो तिथंच होता, तसाच तापलेला. ती दरडीच्या कडेला बसली. खाली पाण्यावर बगळे उतरले.

मग ती उठली. "देते पाणी," म्हणाली. "पर त्येच्याकडनं काही घ्यायचं न्हाय. फुकाट. आपल्याला त्यानं इकत पाजलं, आपुन त्येला फुकाट पाजायचं. गावानं बघावं, सर्जेराव आपल्या दयेवर ऊस काढतोय."

"तुजी खोड काय जायची न्हाय," म्हस्कू म्हणाला. त्याला हसू आलं की नाही, ते सांगणं अवघड. त्यानं कळ धरली, तिनं हँडल मारलं.

पाणी माळाच्या निम्म्यापर्यंत गेलं. खालचा ऊस जगला, वरचा वाळला. सर्जेराव स्वतः बारं धरायला, पाणी सरीसरीत वळवायला, आला नाही, आप्पाला पाठवला. पैसे घेऊन आलेल्या माणसाला ठमाबाईनं दोनदा परत पाठवलं, आणि दुसऱ्यांदा तर वाटेवरच्या चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात. पाऊसकाळ सुरू झाला तसं सर्जेरावानं छपरासकट ते थोरलं इंजिन मोडीत काढलं आणि उसाची जमीन भावाला खंडानं देऊन तो लेकीकडं अकलूजला राहायला गेला. लोक म्हणत, अपमान झाला म्हणून गेला. सिंधुबाई म्हणायची, त्यांना दम्याचा त्रास होता. दोन्ही खरं असेल.

म्हस्कूला गावानं पुन्हा दारुडा म्हटलं नाही. देवळासमोर बसलेल्या त्या तिघांपैकी एकजण, सावळाराम, एकदा त्याच्या पाया पडायला आला. म्हस्कूनं त्याला उठवून चहा पाजला. ठमाबाईनं मात्र सावळारामाच्या पाण्याची पाळी त्या वर्षी सगळ्यात शेवटी लावली, आणि विचारल्यावर म्हणाली, "त्येला खरं बोलायची घाई न्हवती त्या दिवशी. आता पाण्याचीबी नसंल."

पुढं ती सणसरपर्यंत पंप बसवायला जायची. काम पुरं झालं की इंजिन चालू असतानाच घरधन्याला बोलवायची, पट्ट्यापासून लांब उभा करायची आणि विचारायची, हे चालवणारा गडी कोण? गडी पुढं आला की मालकाच्या देखत त्याला सांगायची, पट्टा घसरला तर आधी इंजिन बंद. मालक काय म्हणतो ते ऐकायचं नाही. एखाद्या मालकाला ते झोंबायचं. तो कुरकुरला तर ठमाबाई इंजिन बंद करून पुली उतरवून, फडक्यात बांधून, सरळ घरी घेऊन यायची. मालकाला मग ती मागायला निरवांगीला यावं लागे. तो आला की ती त्याला ओसरीवर म्हस्कूच्या शेजारी, रिकाम्या बाहीच्या बाजूला, बसवी, चहा देई, आणि आपण होऊन पुलीचा विषय काढत नसे.